माळावरचें कुसळी गवत

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली म्हणजे वर्गांत एक देखावा हटकून दिसतो. पन्हाळ्यास किंवा जोतिबास पायीं जाऊन आलेला एखादा विद्यार्थी बाकावर बसल्याबसल्या पायमोज्यांतून कांहीं तरी उपटीत असतो. विचारलें तर त्रासून म्हणतो, "सर, कुसळें!" कुसळ खिडकीबाहेर जातें आणि धडा पुढें चालूं होतो. या वर्षीं आम्हीं तें खिडकीबाहेर टाकूं दिलें नाहीं. टेबलावर एका पांढऱ्या कागदावर तें ठेवविलें आणि त्या दिवशींचा तास त्याच्यावरच घेतला. त्या तासाला जें बोललों, व घंटा झाल्यामुळें जें बोलावयाचें राहिलें, तें सर्व एकत्र करून येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

नांव

प्रारंभीं आम्हीं वर्गाला विचारलें कीं, आपल्या गांवाभोंवतालच्या माळावर उगवणाऱ्या पांच गवतांचीं नांवें सांगा. क्रिकेटच्या खेळाडूंचीं नांवें एका दमांत सांगणारीं मुलें येथें गप्प झालीं. शेवटीं कागलकडील एका शेतकऱ्याच्या मुलानें तीन सांगितलीं: मारवेल, पवन्या आणि कुसळी. बाकीच्यांच्या लेखीं तें सर्व नुसतें "गवत" होतें. ज्याचें नांव ठाऊक नाहीं त्याची किंमत कळत नाहीं, आणि ज्याची किंमत कळत नाहीं तें नाहींसें झालें तरी चुकल्यासारखें वाटत नाहीं. म्हणून ओळखीपासूनच आरंभ करूं.

गहूं, भात, जव यांच्या दाण्यांवर जो ताठ, खरखरीत केस असतो त्यास आपण कुसळ म्हणतों. ज्या गवताचें कुसळ सर्वांत लांब व सर्वांत त्रासदायक, त्यालाच लोकांनीं कुसळी हें नांव दिलें. शास्त्रांत त्याचें नांव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस असें आहे. पहिला शब्द ग्रीक; त्याचा अर्थ "निरनिराळ्या दाढीचें". दुसरा लॅटिन, त्याचा अर्थ "पिळलेलें". या गवताचें शास्त्रीय वर्णन स्वीडनच्या लिनियसनें १७५३ सालीं केलें, आणि तें भारतांतील गवत म्हणून केलें. आतां तें आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा सर्व उष्ण खंडांत आढळतें. हवाई बेटांत त्यास पिली म्हणतात, व पूर्वी तेथील लोक त्यानें आपलीं घरें शाकारीत असत. आपल्याकडेही गोठ्याच्या छपरावर तें घालण्याची चाल होती.

ओळख

हें बहुवर्षायु गवत आहे. म्हणजे उन्हाळ्यांत वरचा भाग वाळला तरी बुडखा जिवंत राहतो व पहिल्या पावसांत पुन्हां फुटतो. तें हरळीप्रमाणें जमिनीवर पसरत नाहीं. त्याचे झुबके होतात. झुबक्याची उंची साधारणतः दीड ते तीन फूट. काडीच्या बुडाशीं पानाचें आवरण चपटें असून पाठीवर कणा असल्याप्रमाणें त्यास धार असते. पान मध्यावर दुमडलेलें असतें, व त्याचें टोंक बोटांत धरून पाहिलें तर होडीच्या नाळेसारखें लागतें. तुरा नसतांना ओळखण्यास हीच खूण उपयोगी पडते.

भाद्रपद-आश्विनांत तुरे येऊं लागतात. काडीच्या किंवा तिच्या फांदीच्या टोंकाला एकच तुरा असतो, बोटांसारखे चारपांच नसतात. तो हातांत घेऊन नीट पाहा. त्याच्यावर फुलोऱ्याचे दाणे जोडीजोडीनें बसविलेले दिसतील. जोडींतला एक देठाचा व एक बिनदेठाचा. देठाचे दाणे हिरवे, चपटे व कुसळावांचून असतात, आणि माशाच्या खवल्यांप्रमाणें ते एकमेकांवर चढलेले असतात. वरच्या जोड्यांतील बिनदेठाचे दाणे मात्र गोल, पुढें गर्द तपकिरी होणारे, आणि प्रत्येकाला दोन ते चार इंच लांबीचें एक कुसळ. एकाच तुऱ्यावर एक दाणा बिनदाढीचा व दुसरा दाढीवाला. "निरनिराळ्या दाढीचें" हें नांव कोठून आलें तें आतां लक्षांत येईल.

परंतु सर्वांत पक्की खूण याच्या पुढची आहे. तुरा पिकूं लागला म्हणजे सगळीं कुसळें वर जाऊन एकमेकांभोंवतीं पिळलीं जातात व त्यांची एक काळसर तपकिरी वेणी बनते. कार्तिकांत माळावर उभे राहून पाहिलें तर झुबक्याझुबक्यावर अशा वेण्या वाऱ्यानें हलतांना दिसतात. ही वेणी दिसली कीं दुसरें कांहीं पाहण्याची गरज नाहीं.

तथापि घाईनें फसूं नये म्हणून त्याच्या शेजाऱ्यांचीही ओळख ठेवावी. मारवेलाच्या काडीच्या टोंकाला हाताच्या बोटांप्रमाणें अनेक तुरे असतात, त्यांचीं कुसळें आंखूड असतात, आणि काडीच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचें कडें असतें. पवन्याचा तुरा कुसळीप्रमाणेंच एकटा असतो. पण त्याच्या चपट्या दाण्यांवर उभ्या शिरा स्पष्ट दिसतात, व कुसळांची वेणी होत नाहीं. तिसरें एक बारीक गवत अगदीं खडकाळ, झिजलेल्या जमिनीवर उगवतें. पुष्कळ ठिकाणीं लोक त्यालाही कुसळच म्हणतात. त्याच्या प्रत्येक दाण्याला त्रिशूळाप्रमाणें तीन कुसळें असतात. शास्त्रांत तें ॲरिस्टिडा या नांवानें ओळखलें जातें.

एक प्रयोग

आतां त्या टेबलावरच्या कुसळाकडे वळूं. भिंगाखालीं पाहिलें तर दाण्याचें खालचें टोंक सुईसारखें अणकुचीदार असून त्यावर वरच्या बाजूस वळलेले राठ तांबूस केस दिसतात. त्यामुळें तें आंत सहज शिरतें, पण उलट ओढलें तर अडतें. माशाचा गळ जसा अडतो तसें. पायमोज्यांतून कुसळ निघतां निघत नाहीं याचें कारण हेंच.

असें एक पिकलेलें कुसळ घेऊन त्याचें अणकुचीदार टोंक बटाट्याच्या फोडींत उभें रोवावें. कुसळाचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला व वरचा भाग कोपरांतून वांकलेल्या हातासारखा आडवा दिसेल. आतां पिळलेल्या भागावर पाण्याचे दोन थेंब सोडावे. थोड्या वेळांत पीळ उलगडूं लागतो आणि आडवा हात घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरूं लागतो! उन्हांत वाळूं दिलें कीं पीळ पुन्हां पडतो व तोच हात उलट दिशेनें फिरतो. वर्गांत हा प्रयोग झाला तेव्हां मागच्या बाकांवरील मुलेंसुद्धां टेबलाभोंवतीं गोळा झालीं होतीं.

याचें कारण असें. कुसळाच्या पेशींच्या भिंतींत जे सूक्ष्म तंतु असतात ते सरळ उभे नसून तिरकस गुंडाळलेले असतात. पाणी शोषल्यावर भिंती फुगतात व पीळ सुटतो; सुकल्या म्हणजे पीळ बसतो. चार्लस् डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनीं अशाच कुसळाच्या गवतांचा अभ्यास करून १८७६ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. माळावर हें काम रात्रीचें दंव आणि दिवसाचें ऊन करीत असतें. आडवा हात शेजारच्या काडीला किंवा दगडाला टेकला म्हणजे फिरण्याचा सारा जोर दाण्यावर येतो, आणि दाणा गिरमिटाप्रमाणें मातींत उतरत जातो. पुढें माळावरून वणवा गेला तरी मातींत शिरलेलें बीं वांचतें. ज्या कुसळाला आपण उपद्रव म्हणतों तें त्या गवताचें नांगरणी-पेरणीचें औत आहे.

माळावरील जिवांना उपयोग

माळरान ओसाड असतें ही समजूत मोटारींतून जाणाऱ्याची आहे. वर्षभर तेथें पायीं हिंडणाऱ्यास निराळें दिसतें.

पावसाळ्याच्या प्रारंभीं कुसळीचे कोंवळे कोंब फुटतात. त्या वेळीं त्यांना कुसळ नसतें, आणि गुरें, मेंढ्या, ससे, जेथें आहेत तेथें काळवीट, सर्व तें आवडीनें खातात. त्याच पानांवर नाकतोडे वाढतात, आणि नाकतोड्यांवर पांखरांचीं पिल्लें वाढतात. दाणे खाणारे पुष्कळ पक्षीसुद्धां आपल्या पिल्लांना आरंभीं किडेच भरवितात. म्हणून हिरव्या गवताचें नाकतोड्यांनीं खाल्लेलें पान ही नासाडी नव्हे, तें एक प्रकारचें दूधच होय.

पाऊस सरला कीं गवतांचें बीं पडतें. मुनियांचे थवे येतात, लावे व तित्तर दाणे टिपतात, आणि मुंग्या आपलीं कोठारें भरतात. या मुंग्यांविषयीं एक हकीकत सांगण्यासारखी आहे. मुंगी धान्य सांठविते असें नीतिसूत्रांच्या पुस्तकांत शलमोनानें लिहिलें आहे. युरोपांतील पंडितांना त्यांच्या थंड देशांत अशी मुंगी दिसली नाहीं, तेव्हां शलमोनाची चूक झाली असें त्यांतील कित्येक म्हणूं लागले. परंतु १८२९ च्या सुमारास पुण्यास कर्नल साइक्स यांनीं मुंग्यांचें एक वारूळ पाहिलें. पावसानें भिजलेले गवताचे दाणे त्या मुंग्या बाहेर आणून उन्हांत वाळवीत होत्या! साइक्स यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला व मुंगीचा लौकिक परत मिळाला. याच साइक्सांचें नांव दख्खनच्या माळावरील एका तुरेवाल्या चंडोलालाही आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, या शोधासाठीं त्यांना रानावनांत जावें लागलें नाहीं. आपल्यासारख्याच मुलखांतील गवताकडे त्यांनीं नीट पाहिलें.

हिंवाळ्यांत वाळलेलें उंच गवत उभें असतें. त्या दिवसांत मध्य आशियाकडून भोवत्या नांवाचे लांब पंखांचे शिकारी पक्षी येतात. दिवसभर ते गवतावरून खालून खालून उडत उंदीर व टोळ पकडतात, आणि रात्रीं झाडावर न बसतां गवतांतच जमिनीवर एकत्र झोंपतात. ज्या माळावर उंच गवत नाहीं तेथें त्यांना बिछानाच नाहीं.

झुबक्यांनीं वाढण्याचा जो गुण वर सांगितला त्याचें महत्त्व येथें कळतें. दोन झुबक्यांमध्यें मोकळी वाट राहते. चंडोल, लावा, तित्तर हे जमिनीवर घरटीं करणारे पक्षी. त्यांचीं अंडीं बुडख्याच्या आडोशाला असतात, आणि पिल्लें या मोकळ्या वाटांनीं पळतात. वर आभाळ मोकळें असल्यामुळें शत्रु दुरून दिसतो. उन्हाळ्यांत उघड्या पठारांवर सरड्यांचे नर गळ्याखालचा रंगीत पंखा उघडून दगडावर बसलेले दिसतात. या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं आपल्या मराठी शब्दावरूनच "सरडा" हें शास्त्रीय नांव दिलें, आणि त्यांतील सर्वांत देखणी जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून वर्णिली गेली.

एके काळीं याच माळांवर मोठीं जनावरेंही होतीं. कोल्हापूरच्या आसपास काळविटांचे कळप चरत, आणि शाहू छत्रपति महाराजांच्या काळीं (१८७४–१९२२) शिकविलेल्या चित्त्यांकडून त्यांची शिकार होत असे. चित्ता हा मोकळ्या गवताळ जमिनीवर धांवणारा प्राणी. देशांतील चित्ते दुर्मिळ झाले तेव्हां कोल्हापूर संस्थानानें आफ्रिकेंतून चित्ते आणविले होते. १९५२ सालीं चित्ता भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें, आणि २०२२ सालीं नामिबियांतून आणून मध्य प्रदेशांतील कुनो येथें तो पुन्हां सोडण्यांत आला. माळढोक पक्ष्याची गोष्ट याहून जवळची आहे. सोलापुराजवळ नान्नजच्या माळावर त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. पण आज सगळ्या देशांत मिळून त्याची संख्या दीडशेच्या आंत आहे, आणि नान्नजला त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. शिकारीनें त्यांचे प्राण घेतले हें खरें. परंतु शिकार थांबल्यावरही ते वाढले नाहींत, कारण परत येण्यास माळच उरला नव्हता.

गुणाबरोबर दोषही

ज्या गोष्टीचें कौतुक करावयाचें तिचे दोष झांकणें हें शास्त्राला शोभत नाहीं. पिकलेलें कुसळ मेंढीच्या लोकरींतून कातडींत शिरतें, गुरांच्या तोंडाला इजा करतें. म्हणून या गवताची कापणी कुसळ धरण्यापूर्वीं, किंवा कुसळ झडून गेल्यावर करावी लागते. पौष्टिकपणांत तें मारवेल-पवन्याच्या खालचें आहे. जेथें गुरें फार चरतात व वरचेवर वणवे लागतात तेथें चांगलीं गवतें मागें पडतात व कुसळी पुढें सरसावते. त्याहून अधिक हाल झाले तर कुसळीही जाते व त्रिशूळवालें गवत उरतें. यामुळें जाणता मनुष्य नुसतें गवत पाहून माळाची प्रकृति सांगूं शकतो. कुसळी ही मधली पायरी आहे. तेथून माळ चढूंही शकतो व उतरूंही शकतो.

आणि कोणतेंही एकच गवत सर्वत्र माजणें बरें नव्हे. अमेरिकेंतील टेक्सस प्रांताच्या दक्षिण भागांत हेंच गवत मूळचें असूनही अलीकडे इतकें दाट वाढलें आहे कीं, तेथील बॉबव्हाइट नांवाच्या लाव्याला हिंडण्यास वाट राहिली नाहीं. पांखराला हवें असतें तें मिश्र गवताचें, मधून मधून मोकळें असें रान.

आमची चूक

आतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत आम्हीं मुलांना घेऊन शहराबाहेरील एका माळावर वृक्षारोपण केलें. माळ "पडीक" आहे असें आम्हांला सांगण्यांत आलें होतें आणि आम्हांलाही तसेंच वाटलें. कुसळीचे झुबके आम्हीं कुदळीनें काढले, खड्डे घेतले, आणि गिरिपुष्पाचीं रोपें ओळीनें लाविलीं. छायाचित्रें निघालीं, भाषणें झालीं, आम्हीं स्वतःही एक केलें. गिरिपुष्प हें मध्य अमेरिकेकडील झाड. तें भराभर वाढतें. तें वाढलें, त्याची सांवली दाट झाली, आणि उन्हांत वाढणारें गवत तिच्याखालीं मेलें.

चौथ्या वर्षीं तेथें एक वृद्ध धनगर भेटला. मेंढ्या घेऊन तो रस्त्याच्या कडेनें चालला होता. आम्हांस ओळखून तो म्हणाला, "मास्तर, झाडं लावलासा, ब्येस केलासा. पर आमच्या मेंढरांनी आता खावं काय?" आम्हीं म्हटलें, "पण कुसळीनें मेंढरांना त्रास होतो ना?" तो हंसून म्हणाला, "कुसळ धरल्यावर हुतो कीं. पर कवळं असताना त्येच खात्यात. आमी काय आजच आलोय व्हय माळाला?"

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. त्या सकाळीं आम्ही बराच वेळ तेथें थांबलों. पूर्वीं त्या माळावर पाय ठेवतांच चंडोल गात गात आभाळांत चढे. त्या दिवशीं एकही चढला नाहीं.

झाडें लावूं नयेत असा याचा अर्थ नव्हे. पश्चिमेकडे दाजीपूर-राधानगरीचें रान आहे. गव्यांसाठीं १९५८ सालीं तें राखून ठेवण्यांत आलें. तेथें झाड हवें, तेथें तेंच शोभतें. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारांत, ओढ्याच्या कांठीं झाडें अवश्य लावावीं, आणि तीं आपल्या मुलखांतलीं असावीं. परंतु जो माळ मुळांतच माळ आहे त्याला रान करावयास जाणें म्हणजे चंडोलाला पोपट करावयास जाणें होय.

विद्यार्थ्यांसाठीं काम

वाचून विसरण्यापेक्षां करून पाहिलेलें टिकतें. म्हणून येत्या वर्षासाठीं तीन कामें सांगून ठेवतों.

पहिलें : आपल्या गांवाजवळच्या कोणत्याही माळावर दहा पावलें लांब व दहा पावलें रुंद असा चौकोन आंखून त्यांतील कुसळीचे झुबके मोजावे. आषाढ, आश्विन व पौष अशा तीन महिन्यांत पुन्हां तेथेंच जाऊन कोणतें गवत, कोणता किडा, कोणतें पांखरूं दिसलें तें वहींत टिपावें. घरटें दिसल्यास हात लावूं नये, दुरून पाहावें.

दुसरें : मारवेल, पवन्या व कुसळी यांची प्रत्येकीं एक काडी वर्तमानपत्रांत दाबून वाळवावी, व खालीं जागा आणि तारीख लिहावी. नांवाविषयीं शंका आल्यास शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागांतील जाणकारांस विचारावें. कोल्हापूर जिल्ह्यांतील वनस्पतींचा मोठा ग्रंथ त्या विद्यापीठानें २००२ सालीं प्रसिद्ध केला आहे.

तिसरें : घरांतील आजीआजोबांना, अगर एखाद्या मेंढपाळास, पूर्वीं माळावर काय काय दिसत असे तें विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून आणावें. गवतांचीं जीं नांवें ते सांगतील तीं पुस्तकांत मिळतीलच असें नाहीं.

असो. लेख संपवितांना मन पुन्हां त्या पायमोज्यांतल्या कुसळाकडे जातें. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें भावाच्या डोळ्यांतील लहानशा कणाचा व आपल्या डोळ्यांतील ओंडक्याचा दृष्टांत दिला आहे. मराठी भाषांतरकारांना त्यासाठीं आपल्या म्हणींतले कुसळ आणि मुसळ हेच शब्द सांपडले. आजपर्यंत हा दृष्टांत आम्ही वर्गांत मुलांच्या भांडणांसंबंधीं सांगत आलों. त्या धनगराची भेट झाल्यापासून तो माळासंबंधींही सांगावासा वाटतो. माळाच्या अंगावरचें कुसळ आम्हांस दिसलें आणि तें उपटण्यास आम्ही कुदळी घेऊन धांवलों. आमच्या डोळ्यांतील अज्ञानाचें मुसळ मात्र दिसलें नाहीं.

येत्या आषाढांत त्या माळाच्या उघड्या राहिलेल्या कडेला मुलांना घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. या वेळीं हातांत कुदळी नसतील. वह्या असतील, भिंग असेल, आणि त्या धनगरास वेळ असेल तर त्यालाही आम्ही बोलावणार आहों, कारण पहिला धडा त्यानेंच द्यावा हें योग्य.